वीज गेल्यावर मरीन टँकमध्ये काय चालू ठेवायचं: बुडबुडे की प्रवाह?

वीज गेली की मरीन टँक (समुद्री मासे-प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) ठेवणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट बॅटरीवरचा एअर पंप काढतो, एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) पाण्यात सोडतो आणि बुडबुडे दिसले की निश्चिंत होतो. दुसरा गट वेव्हमेकरला, म्हणजे टँकमध्ये पाणी ढकलून प्रवाह तयार करणाऱ्या पंपाला, आधीच बॅटरी जोडून ठेवतो आणि ‘पाणी फिरतंय ना, मग झालं’ म्हणतो. दोघांनाही वाटतं की आपण टँकला ऑक्सिजन देतोय. वाटतं ते पूर्ण चूक नाही, पण दोन्ही यंत्रांची कामं वेगळी आहेत आणि टँकमध्ये काय पाळलंय त्यावर निवड ठरते.

आधी टंचाई किती ते पाहू. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात हाच आकडा पावणेसातच्या आसपास येतो. पाणी ३० अंशांवर गेलं की तो सव्वासहावर उतरतो, आणि नेमकं तेव्हाच माशांचा श्वसनाचा वेगही वाढलेला असतो. शिवाय तो ऑक्सिजन फक्त माशांसाठी नसतो. लाइव्ह रॉकमधल्या, म्हणजे टँकमधल्या जिवाणूंनी भरलेल्या सच्छिद्र खडकातल्या, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना तो लागतो. प्रवाळांनाही लागतो, कारण विजेबरोबर दिवेही गेलेले असतात आणि अंधारात त्यांच्या पेशींतलं शैवाल ऑक्सिजन तयार करत नाही. म्हणून गोड्या पाण्यातल्या टँकच्या अनुभवावर इथे विसंबू नये.

आता बुडबुड्यांकडे येऊ. बुडबुड्यातली हवा पाण्यात विरघळते आणि तोच ऑक्सिजन मासे घेतात, असा सर्रास समज आहे. थोडी हवा तशी विरघळतेही. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, त्यामुळे थोडी जास्तच. पण घरगुती टँकची खोली इतकी कमी की बुडबुडा काही क्षणांत वर येऊन फुटतो. खरं काम होतं ते पृष्ठभागावर. वर जाणारे बुडबुडे तळचं पाणी ओढून वर आणतात, पृष्ठभाग मोडतात, आणि तिथे ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. हा दुसरा भाग लोक विसरतात. कार्बन डायऑक्साइड साचला की पाण्याचा पीएच घसरतो. म्हणून एअरस्टोन अगदी वरवर टांगण्यात अर्थ नाही. पंपाची ताकद पुरेल तितका खाली सोडला तर जास्त पाणी वर येतं.

वेव्हमेकरचं उलट आहे. तो हवा देत नाही, पाणी ढकलतो. त्याचं तोंड पृष्ठभागाकडे वळवलेलं असेल आणि वर ठळक लाटा उठत असतील तर वायूंची देवाणघेवाण एअर पंपाइतकीच, कधी त्याहून चांगली होते. पण तोंड खडकाकडे असेल तर आत पाणी गरगर फिरतं आणि वरचा थर जवळपास स्थिर राहतो. मग तेच शिळं पाणी फिरत बसतं. बॅटरीवर चालताना बरेच वेव्हमेकर हळू वेगावर जातात, तेव्हा ही चूक हमखास होते. त्यामुळे बॅटरीच्या वेगावर वर लाट उठते का, हे आधीच तपासावं.

मग प्रवाहाचा खास फायदा काय? प्रवाळ. प्रवाळ हलू शकत नाही. त्याच्या अंगालगतच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला तर नवं पाणी त्याच्यापर्यंत यावं लागतं. एका कोपऱ्यात बुडबुड्यांचा खांब उभा केला की मासे तिकडे जातात, पण खडकाच्या मागे बसलेल्या प्रवाळाला त्याचा पत्ताही लागत नाही. अॅक्रोपोरासारख्या बारीक फांद्यांच्या प्रवाळांना जोरदार प्रवाहाची सवय असते, त्यामुळे अशा वेळी त्यांचे हाल आधी होतात.

माझं मत सरळ आहे. फक्त मासे आणि खडक असतील तर एअर पंप पुरतो. प्रवाळ भरपूर असतील तर वेव्हमेकरला बॅटरी हवी, आणि एअर पंप त्याच्या जोडीला. एकाच गोष्टीची ऐपत असेल तर एअर पंप घ्यावा, कारण गुदमरून आधी मरतात ते मासे. मेलेला मासा सडून अमोनिया वाढवतो, तो वेगळाच. यातलं काहीच हाताशी नसेल तर झाकण काढा आणि मगाने टँकचंच पाणी उपसून थोड्या उंचीवरून परत ओता. कंटाळवाणं आहे, पण काम होतं. आणि वीज येईपर्यंत खाणं घालू नका.

विजेचा हिशेब दोन्हींचा वेगळा लागतो. यूएसबीवर चालणारा एअर पंप दोन वॅटच्या आसपास घेतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॅट-तास असतात, म्हणजे तूट धरूनही बारा-चौदा तास निघावेत. मात्र काही पॉवर बँका विजेचा इतका कमी वापर पाहून स्वतःच बंद होतात, हे ऐन वेळी कळू नये. पाच वॅटच्या वेव्हमेकरला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड अॅसिड बॅटरी लावली तर तिच्यातल्या ८४ वॅट-तासांपैकी निम्मेच वापरावेत. ते आठेक तास होतात. कॉम्प्युटरचा यूपीएस त्या मानाने निराशा करतो. बॅटरीची डीसी वीज एसी करून पुन्हा डीसी करताना बरीच वाया जाते.

एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलात तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर पंप थांबल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन जमिनीवर सांडतं.

संपचा, म्हणजे टँकखालच्या जोड-टाकीचा, पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप या दोन्हींत मोडत नाही. तो बॅटरीवर चालवणं महागात पडतं, कारण पाणी उंच चढवण्यातच बरीच शक्ती जाते. तो थांबला की वरचं थोडं पाणी संपमध्ये उतरतं, तेवढी जागा तिथे रिकामी हवी. टँकला कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) असेल आणि तो काही तास बंद राहिला असेल तर वीज आल्या आल्या सुरू करू नका. आत कोंडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. ते पाणी फेकून, फिल्टर टँकच्याच पाण्याने धुऊन मग जोडा. हीटरवरही आधी नजर टाका, पातळी उतरून तो उघडा पडला असेल तर तापून तडकतो.