आवाज येतो, शब्द कळत नाही

जळगावच्या डाळ मिलच्या किंवा कापसाच्या जिनिंगच्या गोंगाटात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाशी घरात बोला, त्याला नीट ऐकू येतं. लग्नाच्या पंगतीत किंवा भुसावळच्या फलाटावर मात्र तो म्हणतो, ‘आवाज येतो, शब्द कळत नाही.’ कानाच्या तपासणीत कधीकधी काहीच सापडत नाही. मग घरचे म्हणतात, ‘यांचं लक्षच नसतं.’ हे ऐकून मला फार वाईट वाटतं. दोष त्याच्या कानात खोलवर असू शकतो.

तिथे, कॉक्लिया नावाच्या वळणदार नळीत, सुमारे ३५०० आतल्या केशपेशी असतात. आवाजाने त्यांच्या माथ्यावरचे सूक्ष्म केस कलतात, पोटॅशियम आत शिरतं, विद्युतदाब बदलतो. पेशीच्या तळाशी कॅल्शियमची दारं उघडतात, ग्लुटामेट या निरोप्या रसायनाच्या पुड्या फुटतात आणि पलीकडचा चेतातंतू विजेचा स्पंद पाठवतो. लगेच दुसरा पाठवणं त्याला जमत नाही. साधारण एक मिलिसेकंद थांबावंच लागतं.

हे सगळं गणितात मांडता येतं. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकूळ या समुद्री जिवाच्या जाड चेतातंतूवरून १९५२ साली स्पंदाची समीकरणं दिली. हक्सलींनी ती हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली होती! आज संगणकात हजारो तंतू एकदम चालवता येतात. पुडी नेमकी कधी फुटेल हे निश्चित नसतं, म्हणून तिथे संभाव्यतेचं गणित घालतात.

आता या आभासी कानातले तंतू कमी करत जा. शांततेत हळू आवाज तरीही पोचतो. त्याला थोडे संवेदनशील तंतू पुरतात. गोंगाट मिसळला की हेच तंतू आधीच भरात असतात, शब्दाची चढउतार त्यांच्यात उमटत नाही. तेव्हा मोठ्या आवाजालाच जागे होणारे तंतू लागतात. तेच काढले तर शब्द हरवतो.

कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, पण कॉक्लियाच्या काही भागात केशपेशी आणि तंतू यांचे जवळपास निम्मे सांधे कायमचे गेले. शांत खोलीत बारीक ‘टूं’ ऐकवून होणाऱ्या तपासणीला हे दिसत नाही. गोंगाटात शब्द ओळखायची चाचणी वेगळी असते, ती मागून घ्यावी.

जिवंत माणसाच्या कानातले सांधे मोजता येत नाहीत. म्हणून संशोधक डोक्यावर इलेक्ट्रोड लावून चेतासंस्थेच्या लहरी नोंदवतात आणि संगणकातले किती तंतू काढल्यावर तशाच लहरी उमटतात, ते ताडून पाहतात.