डिपर मारल्याने सिग्नल हिरवा होत नाही

‘रात्री सिग्नलवर थांबलात तर डिपर मारा, खांबावरच्या सेन्सरला गाडी कळते आणि लगेच हिरवा लागतो’ असा मेसेज अनेक वर्षं फिरतोय.

यात एक धागा खरा आहे. अमेरिकेतल्या काही शहरांत रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या गाड्यांवर खास दिवा बसवतात. तो सेकंदाला 10 ते 14 वेळा ठरावीक लयीत लुकलुकतो, आणि सिग्नलवरचा सेन्सर तेवढीच लय ओळखतो. बोटाने डिपर कितीही भराभर मारा, तो वेग गाठता येत नाही. शिवाय नव्या यंत्रणांत त्या लयीत सांकेतिक क्रमांकही दडवलेला असतो.

मग साध्या गाडीची दखल कशी घेतली जाते? बऱ्याच ठिकाणी घेतलीच जात नाही, सिग्नल नुसत्या टायमरवर चालतो. जिथे घेतली जाते तिथे कॅमेरा, रडार किंवा डांबराखाली पुरलेलं तारेचं वेटोळं असतं. गाडीचा धातू वर आला की वेटोळ्यातला विद्युतप्रवाह किंचित बदलतो. वजनाचाही इथे संबंध नाही. स्टॉप लाइनच्या अलीकडे रस्त्यात चौकोनी काप दिसला, तर दुचाकी त्या रेषेवरच उभी करा.

पडताळणी सोपी आहे, फक्त गाडी चालवताना नको. सेकंद दाखवणाऱ्या सिग्नलजवळ फुटपाथवर उभे राहा. कोणी ना कोणी डिपर मारतंच. 45 नंतर 44च येतो.

मग मेसेजवाल्यांना अनुभव कसा येतो? लाल दिवा सुटायच्या बेतात असतानाच माणूस कंटाळून डिपर मारतो.