शॅडो ड्रॅगन आला तेव्हा ती चार वर्षांची होती

२०१९ साली लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. आपल्याकडे पणत्या लागत होत्या, त्याच दिवसांत रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या मंचावर ‘अडॉप्ट मी’ या प्राणी पाळण्याच्या खेळात हॅलोविनचा बाजार भरला होता. तिथे काळा शॅडो ड्रॅगन हा पाळायचा प्राणी १००० रोबक्सना (खऱ्या पैशांनी घ्यायच्या तिथल्या नाण्यांना) मिळत होता, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेबारा डॉलरना. बॅट ड्रॅगनची किंमत होती १,८०,००० कँडी, म्हणजे त्या सणापुरतं खेळून कमवायचं चलन. हॅलोविन सरला, बाजार उठला आणि हे दोन्ही प्राणी दुकानातून कायमचे गेले. माझी भाची तेव्हा चार वर्षांची होती. आज तिला शॅडो ड्रॅगनच हवा आहे. तो का हवा, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

पडद्यावरचं चित्र कितीही वेळा छापता येतं. त्यामुळे अशा ठिकाणी दुर्मीळपणा मुद्दाम घडवावा लागतो आणि त्याचं सगळ्यात सोपं हत्यार म्हणजे तारीख. ‘निओपेट्स’ या आभासी प्राणी पाळण्याच्या संकेतस्थळाने हे फार लवकर ओळखलं. ब्रिटनमधल्या अ‍ॅडम पॉवेल आणि डोना विल्यम्स यांनी १५ नोव्हेंबर १९९९ रोजी ते सुरू केलं. तिथे बहुतेक प्राणी कधीही पाळता यायचे, पण सायबनीसारख्या काही जाती ठरावीक दिवशीच आणि मोजक्याच सुटायच्या. मुलं ते पान पुन्हा पुन्हा उघडत बसायची.

पुढे तिथे एक प्रकार आपोआपच घडला, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. २००७ साली निओपेट्सने प्राण्यांची चित्रं बदलली, सगळ्यांना कपडे घालता यावेत म्हणून एका साच्यात बसवली. काही खास रंगांच्या प्राण्यांना मात्र जुनं रूप ठेवायची मुभा मिळाली. तसे नवे प्राणी पुन्हा होणार नव्हते. कुणी दुर्मीळ म्हणून ते काढले नव्हते, तरी पुढे त्यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षं झुरले, कारण २००८ पासून एका खात्यातला प्राणी दुसऱ्या खात्यात देता येऊ लागला.

ही देवाणघेवाणच सगळ्याच्या मुळाशी आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या २००४ च्या कलेक्टर्स एडिशनसोबत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या खास आवृत्तीसोबत, छोटा डायब्लो, पांडाचं पिल्लू किंवा झर्गलिंग यांपैकी एक प्राणी मिळायचा. तोही हुकला की हुकला, पण ज्याचा त्याच्याकडेच राहायचा. शेजाऱ्याचा पांडा पाहून हळहळायचं आणि पुढे जायचं. जिथे प्राणी हातोहात फिरू शकतो, तिथे हळहळीला भाव फुटतो.

‘अडॉप्ट मी’ २०१७ साली सुरू झालं, तेव्हा त्यात प्राणी नव्हतेच. एकाने आई-बाबा व्हायचं, दुसऱ्याने बाळ, असा तो घर-घरचा खेळ होता. २०१९ च्या मध्यावर पाळीव प्राणी आले आणि खेळाचं रूपच पालटलं. प्राणी अंड्यातून निघायचा. सफारी एग, जंगल एग, फार्म एग, ऑसी एग अशी अंडी एकामागून एक आली. नवं आलं की जुनं बंद. सफारी एगमधला जिराफ आज मोठमोठ्या सौद्यांत दिसतो. त्याच वर्षी नाताळात फ्रॉस्ट ड्रॅगन आला आणि गेला. एप्रिल २०२१ मध्ये ओशन एग आलं, तेव्हा एकाच वेळी १९ लाखांहून जास्त जण खेळत होते.

जुने प्राणी महाग होत जातात याला आणखी एक कारण आहे, आणि ते भाचीनेच मला दाखवलं. प्राण्याला खाऊ घालून, आंघोळ घालून, झोपवून न्यूबॉर्नपासून ज्युनियर, प्री-टीन, टीन, पोस्ट-टीन असं करत फुल ग्रोन करायचं. असे एकाच जातीचे चार झाले की पुलाखालच्या गुहेत न्यायचे आणि जमिनीवरच्या चार वर्तुळांत एकेक ठेवायचा. क्षणात चारांचा एक होतो आणि त्याचं अंग निऑनसारखं चमकू लागतं. असे चार निऑन मिळून एक मेगा. म्हणजे एका मेगा शॅडोमागे सोळा शॅडो खर्ची पडलेले असतात. नवे येत नाहीत आणि जुने असे आटत जातात. शिवाय पासवर्ड विसरलेल्या खात्यांत जे अडकून पडले, ते वेगळेच.

मुलांना हे सगळं तोंडपाठ असतं. समोरची ऑफर दिसताच ‘विन, फेअर की लॉस?’ म्हणजे सौदा फायद्याचा, बरोबरीचा की तोट्याचा, असा प्रश्न येतो आणि त्या दहा वर्षांच्या मुली भाजीबाजारातल्या जाणत्या बाईसारखा अंदाज घेतात. मला याचं खरंच कौतुक वाटतं. पण तिथेच फसवणूकही आहे. ‘आधी तू दे, मग मी देते’ याला मुलं ट्रस्ट ट्रेड म्हणतात. भाचीचा उडणारा युनिकॉर्न असाच गेला. समोरची खेळाडू खेळातून निघून गेली आणि ही रात्री जेवली नाही. ‘खोटा प्राणीच होता ना’ असं घरातलं कुणीतरी म्हणालं. ते ऐकून मला वाईट वाटलं. तिने त्याला आठवडाभर रोज आंघोळ घातली होती. अशा प्रकारांमुळेच २०२० मध्ये ट्रेड लायसन्स आलं. त्यासाठी फसवणूक ओळखण्याची छोटी परीक्षा द्यावी लागते, मगच अल्ट्रा-रेअर आणि लेजेंडरी या सगळ्यात दुर्मीळ दर्जांच्या प्राण्यांचे सौदे करता येतात.

शॅडो तिच्या आवाक्यात नाही, हे तिलाही कळतं. सध्या तिच्याकडे ऑसी एगमधले तीन फुल ग्रोन डिंगो (ऑस्ट्रेलियातले रानकुत्रे) आहेत, सगळे ट्रेडमध्ये मिळवलेले. चौथा अजून टीनमध्ये आहे. तो मोठा झाला की चौघांना गुहेत न्यायचं की चारही तसेच ठेवायचे, हे तिचं अजून ठरत नाही.