आगोट (कोकणातली पावसाळ्याची बेगमी)

आगोट म्हणजे पावसाळा तोंडावर येतो तो काळ, आणि त्या काळात घरोघरी चालणारी चार महिन्यांची तयारीसुद्धा. मे महिन्यात कोकणातली एक बाई दुसरीला "काय गो, आगोटीचं झालं का सगळं?" असं विचारते तेव्हा तांदूळ-डाळी भरून झाल्या का, मसाला कुटून आला का, सुकी मासळी घेतली का, कौलं परतली का, लाकडं आत गेली का, हे सगळं तिने एका दमात विचारलेलं असतं. गोव्यात ह्यालाच पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजांचा, प्रोव्हिमेंतो म्हणजे साठा-पुरवठा, आणि मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला मे-जूनच्या सुमारास पुरुमेंताची फेरीच, म्हणजे बाजारच, भरते. देशावरचं वाळवण ह्याच्या जवळचं, पण वाळवण म्हटलं की पापड, कुरडया, सांडगे एवढंच डोळ्यापुढे येतं, आगोटीत मात्र घर पण येतं, गुरं पण येतात आणि कोळीवाड्यात तर होडीसुद्धा येते, त्यामुळे दोन्ही एकच समजू नये.

आगोट भरायची कारणं अगदी रोकडी आहेत. ७-८ जूनला मृग लागला की भाताची पेरणी, मग लावणी, घरातली धडधाकट माणसं सगळी चिखलात, बाजाराला जायला कुणी मोकळं नाही आणि काही वाळवायचं म्हटलं तर ऊनच नाही. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच. पूर्वी खाड्यांवर पूल नव्हते, मुंबईहून येणाऱ्या आगबोटी मेअखेर बंद व्हायच्या त्या पावसाळा सरल्यावरच परत दिसायच्या, म्हणजे बऱ्याच गावांची पावसाळ्यात बेटंच व्हायची, घरात जे आहे त्यावर दिवस काढायचे. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये, त्याआधीच्या पिढीला आगोट ही हौस नव्हतीच मुळी.

आगोटीतलं सगळ्यात निगुतीचं काम विचाराल तर आमसुलं. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, लालभडक पिकतात, ते पाऊस यायच्या आत उतरवायचे, धुवून अर्धे फोडायचे, आतला बियांसकट गर एका भांड्यात, सालं दुसऱ्या. गरात मीठ घातलं की रस सुटतो, तो रस म्हणजे आगळ. आता सालं ह्या खारट रसात बुडवून ठेवायची, सकाळी काढून उन्हात पसरायची, संध्याकाळी परत रसात, दुसऱ्या दिवशी परत उन्हात, ह्याला पुट देणं म्हणतात आणि असे चार-पाच पुट दिल्याशिवाय साल काळपट, चिवट आणि टिकाऊ होत नाही. आमची आजी आमसूल झालं की नाही ते दोन बोटांत धरून दाबून बघायची, बोटाला ओल लागली तर काही न बोलता परत सुपात टाकायची, आणि त्या आठवड्यात तिचे हात कोपरापर्यंत असे लाल असायचे की कुणी मेंदी लावलीये म्हणेल. एक पुट कमी दिला, म्हणजे एक दिवस वाचवला, की श्रावणात बरणीला बुरशी आलीच समजा. बिया सुद्धा टाकायच्या नाहीत, वाळवून, कुटून, उकळून त्यांचं तेल काढतात, थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं, चिखलात भातलावणी करून टाचांना भेगा पडल्या की हेच तेल लावायचं.

बाकीची यादी लांबलचक आहे. कैऱ्या मिठाच्या पाण्यात बुडवून खारातल्या कैऱ्या, कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी, आमरस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून त्याची पोळी (साठं), तशीच फणसाची, फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून कोपऱ्यात, कोहळ्याचे सांडगे, पोह्याचे पापड, मिरगुंडं, तांदळाच्या फेण्या, भरलेल्या सांडगी मिरच्या, चिंच बिया काढून मीठ लावून गोळे करून. कडधान्यांना राख नाहीतर एरंडेल चोळायचं, तांदळाच्या कणगीत बिब्बे घालायचे. अलिबागकडे मेमध्ये पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला येतात त्या घेऊन घरात टांगायच्या. पापडाच्या दिवशी पोरांचं सगळं लक्ष लाट्यांवर, तेलात बुडवलेली कच्ची लाटी खाऊन पोट बिघडलं नाही असं पोर मी तरी बघितलेलं नाही.

मासळीचं खातं वेगळं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस, आणि परंपरेने म्हणाल तर कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच होड्या घालतो. मधल्या काळासाठी जवळा, सुकट, बोंबील, वाकट्या, सोडे, खारवलेले बांगडे. सातपाटी, अर्नाळा, उत्तनकडे बांबूच्या वलांडींवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून वाळत घातलेले असतात. भर पावसात उकड्या तांदळाची पेज आणि चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, ह्याच्यापुढे मला आजही दुसरं काही नको असतं.

मग घराची पाळी. वर्षभर माकडांनी, मांजरांनी हलवलेली कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून परत बसवायची म्हणजे कौलं परतायची. गवताचं छप्पर असेल तर ते नव्याने शाकारायचं, आणि गंमत म्हणजे किनाऱ्यावर ओढून घेतलेली होडी झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) झाकतात त्यालाही शाकारणंच म्हणतात. पडवीच्या उघड्या बाजूला नारळाच्या विणलेल्या झापांची झडी बांधायची, नाहीतर वाऱ्याबरोबर येणारी झड थेट चुलीपर्यंत पोचते. गुरांचा पेंढा माळ्यावर, लाकडं आणि शेणी पडवीत कोरड्या जागी रचून.

हल्ली स्लो लिव्हिंग, म्हणजे संथपणे जगणं, म्हणून जे बोललं जातं त्यात आगोटीचं नाव बरेचदा येतं. इटलीत कार्लो पेत्रिनींनी १९८६ मध्ये स्लो फूडची चळवळ सुरू केली तिच्याशीही तुलना होते, ऋतूचं खा, जवळचं खा, हे दोन्हीकडे आहेच. पण ज्याने मे महिन्यातलं कोकणातलं घर आतून बघितलंय त्याला कळेल की संथ असतं ते ऊन आणि मीठ, बाई नव्हे. रातांबा त्याच्या वेळेनेच वाळणार, त्याला घाई करता येत नाही, म्हणून मग घाई सगळी माणसाने करायची, पहाटे उठून पसरायचं, कावळ्यांवर नजर ठेवायची, ढग आला की धावत जाऊन गोळा करायचं. हे एकटीच्याने होतच नाही. म्हणूनच आज तुझ्याकडचे पापड, उद्या माझ्याकडचे, असं वाडीतल्या बायका आलटूनपालटून एकमेकींकडे लाटायला जातात, पोळपाट-लाटणं आपापलं घेऊन, पैशाचा हिशेब नाही, फक्त कोण कुणाकडे किती दिवस बसली ते सगळ्यांच्या पक्कं लक्षात असतं. शिंप्याच्या घरी काय चाललंय, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुठली सून काय म्हणाली, सगळं त्या लाटण्याबरोबर फिरतं, आणि नवी सून उडदाचं पीठ किती कुटायचं हे तिथेच शिकते. कौलांवर चढायला पण शेजारचेच पुरुष आणि मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी.

आता बरंच बदललंय. स्लॅब आले, गॅस आला, दुकान बारमाही, फ्रीजमध्ये बांगडा मिळतो. आमसुलं, फेण्या, कोकम सरबत बचत गट करून विकतात, हे चांगलंच झालं, त्याच कष्टाचे निदान पैसे हातात येतात. जास्त धास्ती वाटते ती हवेची. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याला घासून गेलं, दोन्ही ऐन आगोटीच्या दिवसांत, परतलेली कौलं उडाली, वाळत घातलेलं भिजलं, आंबे-रातांबे झाडाखाली पडले. मेच्या मध्यालाच पाऊस लागला तर चौथा पुट द्यायला ऊन आणायचं कुठून, ह्याला आजीच्या पिढीकडेही उत्तर नव्हतं.

आगोटीचा साठा कसा संपतो त्यालाही क्रम आहे. सुकी मासळी ज्येष्ठ-आषाढात उडते, श्रावणात बरीच घरं मासे खात नाहीत तेव्हा सांडगे, पापड आणि आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी, मग नारळी पौर्णिमा आणि ताजी मासळी. गौरी-गणपतीपर्यंत खारातल्या कैऱ्यांची बरणी तळाला लागते. उरलेलं पाणी आमटीत जातं, बरणी राखेने घासून, धुवून माळ्यावर उपडी, पुढच्या चैत्रापर्यंत.