कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे घालू नका

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, मोगरा पिवळा पडलाय, कळ्या धरतात आणि गळून जातात, पाणी तर रोज न चुकता घालते. संध्याकाळी गेले आणि सरळ रोप कुंडीतून बाहेर काढलं. वरची माती छान भुसभुशीत, पण खालच्या तीन-चार इंचात नुसता चिखल, मुळं काळी पडलेली आणि नासलेल्या अंड्यासारखा वास. आणि त्या चिखलाच्या खाली होते चार बोटं जाडीचे विटांचे तुकडे. निचरा चांगला व्हावा म्हणून नर्सरीवाल्याने घालायला सांगितलेले.

गंमत म्हणजे त्या तुकड्यांच्या मधल्या फटी मोकळ्या होत्या, पाणी अजिबात साठलेलं नव्हतं. म्हणजे वर चिखल आणि त्याला लागून खाली रिकामी जागा, तरी पाणी काही खाली उतरत नाही! वहिनी म्हणाल्या, "अगं पण जागा आहे तर पाणी जात का नाही?" हा प्रश्न मला इतका आवडला की त्यावरच लिहायचं ठरवलं, कारण खापऱ्या, खडी, विटांचे तुकडे तळाला घालायचे हा सल्ला आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे.

आधी एक प्रयोग करा, दोन मिनिटं लागतात. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. गळणं पूर्ण थांबलं की तोच स्पंज न दाबता उभा करा. परत पाणी गळायला लागेल, आणि चांगलं गळेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची बदलली. आता उभ्या स्पंजला बोट लावून बघा, वरचा भाग नुसता ओलसर आणि खालचा भाग गच्च भरलेला. हा खालचा गच्च भाग कितीही वेळ धरलात तरी आपोआप रिकामा होत नाही. कुंडीतल्या मातीचंही अगदी हेच होतं.

कारण आहे केशाकर्षण, शाळेत शिकलोय आपण. निरांजनात तेल खाली असतं तरी वातीतून वर चढतं ते याच जोरावर. पाणी मातीच्या कणांना चिकटतं, पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात आणि बारीक फटीत हा जोर गुरुत्वाकर्षणाला पुरून उरतो. अठराव्या शतकात जेम्स ज्युरिन यांनी दाखवलं की नळी जितकी बारीक तितकं पाणी वर जास्त चढतं. 1 मिमी व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी साधारण 3 सेंमी चढतं, 0.1 मिमीच्या नळीत 30 सेंमी. मातीतल्या फटी काही सरळ नळ्या नसतात, कुठे रुंद कुठे अरुंद, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत पण नियम तोच, माती जितकी बारीक तितका पाणी धरून ठेवणारा थर उंच.

आता खरी मजेची जागा, इथे जरा लक्ष देऊन वाचा. बारीक फटीत अडकलेल्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी असतो, म्हणजे ते पाणी एक प्रकारे ताणलेलं असतं, मृदाशास्त्रात याला मॅट्रिक पोटेन्शियल म्हणतात. या पाण्याला विटांच्या दोन तुकड्यांमधल्या मोठ्या पोकळीत उतरायचं तर आधी थेंब बनून लोंबायला लागेल आणि थेंब बनायला आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त व्हायला लागतो. तो कधी होणार? वरची माती पुरेशा उंचीपर्यंत पाण्याने भरेल आणि त्या पाण्याच्या वजनाने दाब वाढेल तेव्हाच. तोपर्यंत पाणी माती आणि तुकडे यांच्या सीमेवर थांबून राहतं. पाण्याच्या दृष्टीने तुकड्यांमधली पोकळी आणि कुंडीच्या भोकाबाहेरची हवा यात काहीच फरक नाही. म्हणजे तळाला चार बोटं तुकडे घातलेत तर कुंडी तेवढीच बुटकी केलीत, बाकी काही नाही.

हिशोब करून बघू. समजा माती 9 इंच भरलीय आणि त्या मातीत गच्च थर 3 इंचाचा बनतो. मुळांना हवेशीर जागा मिळाली 6 इंच. आता तळाला 3 इंच तुकडे घाला. माती उरली 6 इंच, गच्च थर मात्र तेवढाच 3 इंच, कारण तो मातीच्या बारीकपणावर ठरतो, कुंडीच्या उंचीवर नाही. हवेशीर जागा 3 इंच, एकदम निम्मी! वहिनींच्या मोगऱ्याचं हेच झालं.

ही काही नवीन माहिती नाही. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतले वॉल्टर गार्डनर यांनी 1950च्या दशकाच्या शेवटी काचेच्या पेटीत मातीचे थर रचून पाणी सीमेवर कसं थांबतं याचं चित्रीकरणच केलं होतं. आणि अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेच्या शिफारशीप्रमाणे हिरवळ बनवताना 12 इंच वाळूच्या थराखाली 4 इंच खडी घालतात, ती मुद्दाम, वाळूत पाणी टिकून राहावं म्हणून. जादा पाणी खडीतून निघून जातं हे खरं, पण वाळू भरल्यानंतरच. म्हणजे जो थर तिथे ओल धरायला वापरतात तोच आपण ओल घालवायला वापरतोय.

चिखलात मुळं का मरतात हेही थोडक्यात सांगते. मुळांनाही श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात, मग फायटोफ्थोरासारखे रोगकारक जीव येतात ज्यांचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. कोकणात पावसाळ्यात सुपारीवर येणारा कोळेरोग याच कुळातला. आणि वाईट भाग असा की मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं तहानलंय आणि आपण अजून पाणी घालतो.

इथे तुळशीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तुळस वाळली की घरावर संकट येणार, किंवा पाळीत कोणीतरी हात लावला म्हणून वाळली, हे मी आजही सुशिक्षित घरांत ऐकते आणि मला खरंच राग येतो. वृंदावनाला बऱ्याचदा खाली भोकच नसतं, आत घट्ट काळी माती आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी, पावसाळ्यातसुद्धा. त्या तुळशीची मुळं कुजतात, घरातल्या कुठल्याही बाईच्या स्पर्शाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. वृंदावनाला भोक पाडून घ्या, माती बदला आणि बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी घाला.

मग कुंडी भरायची कशी? भोकावर एकच खापरी किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण. नुसता पोयटा किंवा काळी माती कुंडीत वापरू नका, काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की गच्च थर खूप उंच जातो. त्यात भाताचं तूस, चाळलेली जाड वाळू, कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळा, आणि जे काही जाडंभरडं घालायचं ते सगळ्या मातीत एकजीव करून घाला, थर करून नाही. जुने विटांचे तुकडे फेकू नका, कुंडीच्या खाली बाहेरून ठेवा म्हणजे भोक फरशीला चिकटून बंद होणार नाही, आणि पावसाळ्यात खालच्या बशा काढून टाका. उथळ पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी, त्या स्पंजसारखीच.

जमिनीतही दोन वेगळ्या माती एकत्र आणायची अशीच एक चूक होते. बंगल्याच्या आवारात काळ्या मातीत खड्डा घेऊन आत छान हलकी माती भरतात आणि पहिल्या जोरदार पावसात त्या खड्ड्याचा हौद होतो. तिथे झाड थोडं उंचवट्यावर लावलेलं चांगलं.

ज्यांच्या कुंड्या आधीच तशा भरलेल्या आहेत त्यांनी लगेच सगळं उपसायची गरज नाही. जुन्या पॉलिस्टर ओढणीची लांब पट्टी भिजवा, एक टोक भोकातून, तुकड्यांच्या मधून वर मातीपर्यंत ढकला, दुसरं टोक भोकाखाली चार-पाच इंच लोंबू द्या आणि कुंडी स्टँडवर ठेवा. पट्टीतून पाण्याची धार अखंड खाली येते त्यामुळे सीमेवर अडकून पडलेलं पाणी ओढलं जातं. वहिनींच्या जास्वंदीला आम्ही हेच केलं, त्या कुंडीलाही तुकडे घातलेले होते आणि भोकातून गळणं केव्हाच थांबलं होतं. ही पट्टीची वात लावल्यावर चहा होईपर्यंत खाली ठेवलेली वाटी पाण्याने निम्मी भरली होती.