बायपास किंवा व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी आणि नंतर: तुमचं चालणं आम्ही कसं मोजतो

हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरातली फाइल जाड होऊ लागते. अँजिओग्राफीची सीडी, इको, रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे. पेशंट आज किती चालू शकतो, हे सांगणारा कागद मात्र त्या फाइलमध्ये फार क्वचित सापडतो. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात तो तयार होतो, आणि तो ऑपरेशनच्या आधीच तयार व्हावा म्हणून हे पत्रक. ऑपरेशननंतर आलात तरी आम्ही मोजतोच, पण मग तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो. "पूर्वी बाबा रोज भाजी आणायला जायचे" असं घरची माणसं सांगतात. मंडई किती लांब होती, वाटेत ते किती वेळा टेकायचे, हे कुणी पाहिलेलं नसतं.

इकोमधून हृदयाचा पंप किती जोरात चालतो ते कळतं. त्या पंपाच्या जिवावर माणूस बसस्टॉपपर्यंत पोचतो का, ते कळत नाही. पंपिंगचा आकडा सारखा असलेल्या दोघांपैकी एक जण सहज दोन जिने चढतो आणि दुसऱ्याला अंघोळ करतानाही धाप लागते, असं आम्ही नेहमी बघतो. चालताना हृदयाबरोबर फुप्फुसं, मांड्यांची ताकद, गुडघे आणि तोल, सगळंच कामाला लागतं.

पाच मीटरची चाचणी

ही सगळ्यात सोपी, आणि सत्तरीपुढच्या पेशंटसाठी आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. जमिनीवर पाच मीटर अंतरावर दोन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तुम्ही रोजच्या चालीने पहिल्या पट्टीपासून निघायचं आणि दुसरी पट्टी ओलांडून थोडं पुढे जायचं. असं तीनदा, आणि तिन्ही वेळांची सरासरी. सहा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर चाल मंद धरतात.

२०१० मध्ये मॉन्ट्रियलचे डॉ. जोनाथन अफिलालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडा व अमेरिकेतल्या चार रुग्णालयांतल्या १३१ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे सत्तरीचे किंवा त्यापुढचे, सगळ्यांची हृदयशस्त्रक्रिया ठरलेली. ज्यांना पाच मीटरला सहा सेकंद किंवा जास्त लागले, त्यांच्यात ऑपरेशननंतर मृत्यूचा किंवा गंभीर गुंतागुंतीचा धोका सुमारे तिप्पट दिसला. हे वाचून घाबरू नका. मंद चाल म्हणजे ऑपरेशन करू नये असं मुळीच नाही. अशा पेशंटला आधीपासून जास्त तयारी लागते आणि नंतर जास्त लक्ष लागतं, एवढं सर्जनला वेळेत कळतं. तारखेपर्यंत दोन-तीन आठवडे हातात असतील आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर श्वासाचे व्यायाम, खुर्चीवरून उठण्याचा सराव आणि प्रथिनांचा आहार यांची तयारी तेवढ्यात सुरू करता येते.

सहा मिनिटांची चाचणी

डॉ. गॉर्डन गायट यांच्या गटाने १९८५ मध्ये कॅनडात ही चाचणी हृदयविकाराच्या पेशंटसाठी वापरून दाखवली. आज ती जगभर चालते, तिचे नियम ठरलेले आहेत आणि आम्ही ते काटेकोर पाळतो. तीस मीटर सरळ, सपाट मार्गिका, दोन्ही टोकांना वळायच्या खुणेसाठी प्लास्टिकचे शंकू, हातात स्टॉपवॉच. आधी दहा मिनिटं खुर्चीवर शांत बसायचं. नाडी, बीपी, बोटावरचा ऑक्सिजन आणि "दम किती लागलाय" याचा आकडा लिहून घेतो. मग सहा मिनिटांत जितकं जमेल तितकं चालायचं, पळायचं नाही.

दम लागला तर थांबा, भिंतीला टेका, खुर्चीवर बसा, बरं वाटलं की पुन्हा निघा. फक्त घड्याळ थांबत नाही. थांबण्यात कमीपणा काही नाही. कितव्या मिनिटाला थांबलात, छातीमुळे की पोटरीत गोळा आल्यामुळे, ही माहिती आम्हाला एकूण अंतराइतकीच हवी असते. पोटरी दर वेळी ठराविक अंतरावर दुखत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्याही तपासून घ्याव्या लागतात. गुडघा अडवत असेल तर दोष हृदयाच्या माथी मारून चालणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एक काका आले होते. मुलगा शेजारून चालत "बाबा, अजून एक फेरी, अजून एक" म्हणत होता आणि काका त्याच्यासाठी चालत राहिले. चौथ्या मिनिटाला कपाळावर घाम, ओठ पांढरे. आम्ही चाचणी थांबवून त्यांना बसवलं, थोड्या वेळाने ते सावरले. तेव्हापासून नातेवाइकांना आम्ही बाहेरच्या बाकावर बसवतो. आमचा माणूसही बरोबरीने चालत नाही, कारण शेजारच्याच्या चालीवर पाय आपोआप ओढले जातात. दर मिनिटाला ठरलेलं एक वाक्य फक्त ऐकू येईल: "छान चाललंय, एवढी मिनिटं राहिली." आम्ही गप्प राहिलो तर नाराज आहोत असं समजू नका. एकाला जास्त शाबासकी आणि दुसऱ्याला कमी दिली, तर आकडेच बिघडतात.

छातीत दुखलं, चक्कर आली, पाय लटपटले, तर ताबडतोब सांगा. चाचणी तिथेच संपते.

घरी येऊन आम्ही फक्त पाच मीटरची चाचणी करतो. सहा मिनिटांसाठी केंद्रातच यावं लागतं. फ्लॅटच्या हॉलमध्ये तीस मीटर कुठून मिळणार, आणि दर आठ पावलांना वळावं लागलं तर अंतर कमीच भरतं. म्हणूनच दुसरीकडच्या लहान मार्गिकेतला आकडा आमच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

ऑपरेशननंतर

बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वॉर्डात चालवतात. घरी जाताना अंतर पूर्वीपेक्षा कमी भरलं, तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. छातीचं हाड नुकतंच तारांनी बांधलेलं असतं, पायातून शीर काढली असेल तर त्या पायाला सूज असते, हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, झोप मोडलेली असते. आम्ही साधारण सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी मोजतो. तुलना तुमची तुमच्याशीच, शेजारच्या काकूंशी नाही.

खुर्चीवरून उठताना हातांवर भार देऊ नका, सर्जननी वेगळं सांगितलं नसेल तर. दोन्ही हात छातीशी घ्या, पुढे झुका, मांड्यांनी उठा. नाडी कमी ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर चालताना नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून "हृदय मस्त आहे" असं ठरवू नका. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे पाहा.

चाचणी केव्हा करत नाही

महिन्याभरात हार्ट अटॅक आला असेल, किंवा या महिन्यात बसल्या जागीही छातीत दुखलं असेल, तर करत नाही. विश्रांतीतली नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी परत पाठवतो. महाधमनीचा व्हॉल्व्ह फार आखडलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणल्याशिवाय एक फेरीही चालवणार नाही. गाडी करून लांबून आलेल्यांनीही या बाबतीत आग्रह धरू नये, ही विनंती.

येताना

रोजच्या चपला किंवा बूट घाला, नवे नकोत. काठी वापरत असाल तर आणा, लाजून घरी ठेवू नका. साडी थोडी वर खोचता येईल अशी नेसा. हलकं खाऊन या, गोळ्या नेहमीच्या वेळेला घ्या, आधी दोन तास दमणूक नको. नखांना रंग किंवा बोटांना मेंदी असेल तर ऑक्सिजनचा आकडा चुकू शकतो, एक तरी बोट मोकळं ठेवा.

निकालाच्या दोन प्रती मिळतील. एक सर्जनना द्या. दुसरी फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, म्हणजे आयसीयूतून वॉर्डात आल्यावर तिथले फिजिओ विचारतील, "आधी किती चालायचे?", तेव्हा ती लगेच हाताशी येईल.