एमटीयू दोष

घरगुती इंटरनेट जोडणीवर लहान पॅकेट (डेटाचे गठ्ठे) सुरळीत जातात, पण ठरावीक आकारापुढची वाटेतच गळतात, अशा बिघाडाला एमटीयू दोष म्हणतात. एमटीयू म्हणजे एखाद्या दुव्यावरून न तोडता जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार. इथरनेटवर तो १५०० बाइट असतो. पीपीपीओईमध्ये (नाव व पासवर्ड देऊन जुळणाऱ्या ब्रॉडबँड जोडणीत) दर पॅकेटमागे ८ बाइट खर्ची पडतात व १४९२ उरतात. वायरगार्ड या व्हीपीएनचा (सांकेतिक बोगद्यातून जाणाऱ्या जोडणीचा) रूढ आकडा १४२० आहे.

मर्यादा कमी असणे हा मुळात दोष नाही. अरुंद दुव्यावर ‘तुकडे करू नका’ अशी खूण असलेले मोठे पॅकेट आले, की तिथला राउटर ते टाकून देतो आणि ‘तुकडे करावे लागतील’ असा आयसीएमपी (जाळ्यातील अडचणी कळवणारी यंत्रणा) निरोप (प्रकार ३, संकेत ४) पाठवणाऱ्याला धाडतो. मग पाठवणारा आकार घटवतो. ही रीत १९९० साली आरएफसी ११९१ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात नोंदवली गेली. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट अडवले, तर निरोप पोचत नाही आणि तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवले जाते. यालाच कृष्णविवर म्हणतात. खरा बिघाड आहे तो हाच.

लक्षणे फसवी असतात. पिंग (दुसरे टोक उत्तर देते का हे पाहणारा छोटा संदेश) चालते, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे) चालते, लॉगिनही होते. मात्र पान अर्धवट अडकते, मेलला जोडलेली फाइल जात नाही. सुरक्षित संकेतस्थळ अगदी सुरुवातीलाच थांबते, कारण सर्व्हरचे प्रमाणपत्र भरगच्च पॅकेटांतून येते. क्विक (काही ब्राउझर वापरतात ती नवी वहन-पद्धत) सुरुवातीला १२०० बाइटांच्या आसपासची पॅकेट वापरतो, त्यामुळे तेच संकेतस्थळ एका ब्राउझरमध्ये उघडते आणि दुसऱ्यात नाही, असेही घडते.

तपासणी पिंगनेच होते, पण तुकडे करण्यास मनाई करून. विंडोजवर ‘एफ’ आणि ‘एल’ हे पर्याय त्यासाठी आहेत. लिनक्सवर मोठ्या लिपीतला ‘एम’ (मूल्य ‘डू’) आणि ‘एस’. १४७२ पासून सुरू करून आकडा उतरवत जावा. उत्तर आलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यात २८ मिळवले (आयपी शीर्षक २०, आयसीएमपी ८) की एमटीयू मिळतो: १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. हे २८ विसरून १४६४ हाच आकडा राउटरमध्ये भरण्याची चूक वारंवार होते.

आकड्याइतकेच महत्त्व उत्तराच्या स्वरूपाला आहे. ‘तुकडे करणे आवश्यक’ असा मजकूर आला, तर जाण्याच्या वाटेवर निरोप पोचत आहेत. नुसतीच ‘वेळ संपली’ असेल तर कृष्णविवराचा संशय घ्यावा. काही सर्व्हर मोठे पिंग मुद्दाम टाकून देतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहावे. येण्याच्या वाटेवरचे कृष्णविवर या चाचणीत सुटू शकते.

उपाय राउटरवर करावा, प्रत्येक उपकरणावर नव्हे. वॅन (इंटरनेटकडील) जोडणीचा एमटीयू चाचणीत मिळालेल्या आकड्यावर (इथे १४९२) ठेवून एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटमधील मजकुराचा कमाल आकार उतरवणे) सुरू करावे. टीसीपी (आधी जोडणी जुळवून, पोचल्याची खात्री करत डेटा नेणारी पद्धत) जोडणी जुळताना दोन्ही टोके आपापला कमाल आकार सांगतात, राउटर तो आकडा वाटेतच १४५२ वर उतरवतो (एमटीयू वजा ४०, आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीसाठी वजा ६०, म्हणजे १४३२). त्यामुळे निरोपावर विसंबावे लागत नाही. आधीच जुळलेल्या जोडण्यांना हे लागू होत नाही, त्या तोडून पुन्हा जोडाव्यात. यूडीपीला (जोडणी न जुळवता डेटा नेणाऱ्या पद्धतीला) क्लॅम्पिंगचा उपयोग नाही. व्हीपीएन अडकत असेल तर बोगद्याचाच एमटीयू कमी करावा.

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर कधीच तुकडे करत नाही, म्हणून तिथे आयसीएमपी अडवणे अधिक घातक ठरते. आयपीव्ही६ वापरायचे असेल, तर एमटीयू १२८० च्या खाली नेऊ नये.